गटाने शिकणं अभ्यासक्रमातच हवं, की शिक्षकाच्या मर्जीवर?

रानशेवंती: शिक्षण हक्क कायद्याच्या 29व्या कलमात कृतीतून, शोधातून शिकण्याचा उल्लेख आहे. तेवढ्याने वर्ग बदलत नाही. धडे कमी करा, जोडतासिका द्या आणि आधी परीक्षा बदला. होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात हे झालं होतं. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या 16 शाळांत तो सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं चौघांच्या टोळीने प्रयोग करायची, निरीक्षणं वहीत उतरवायची, मग वर्गात त्यावर वाद घालायची. लेखी परीक्षेला पुस्तक-वही उघडायची मुभा, शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी. घोकून काही हाती लागणारच नव्हतं.

नववीची आई: ताई, तोच कार्यक्रम 2002 मध्ये सरकारने बंद केला, हेही लिहा. आमच्याकडे गटप्रकल्प म्हणजे चौघांची नावं आणि मेहनत एकट्या माझ्या मुलीची. गुण चौघांना सारखेच. 2019 ला दहावीच्या भाषांचे अंतर्गत 20 गुण काढले, तर निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. मग त्या गुणांत नक्की काय मोजत होते? गटकामाचे गुणही असेच वाटले जातील.

रानशेवंती: त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, सगळी घसरण त्या 20 गुणांवर टाकता येणार नाही. पण मुलीबद्दल म्हणताय ते पटलं. काम गटात, वही ज्याची त्याची, आणि गुण वहीला. घरी करून आणायचा प्रकल्प मी गटकाम मानतच नाही.

नववीची आई: बासष्ट मुलांच्या वर्गात बासष्ट वह्या कोण वाचणार?

डोंगरशाळा: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दोन शिक्षक, पाच इयत्ता. गट केले नाहीत तर आमची शाळा चालणारच नाही. परवा चौथीतली मुलगी दुसरीतल्या मुलाला काड्यांचा गठ्ठा सुटा करून हातच्याची वजाबाकी दाखवत होती. मी तीन वेळा सांगूनही त्याला जमली नव्हती. मॅडम, वह्या मी वाचतो, रोज आठ-दहा, आळीपाळीने. वेळ खातात ते कृतीचे फोटो आणि वरून मागवलेले तक्ते. ते अर्धे झाले तरी रोज आणखी पाच वह्या होतील.

नववीची आई: सर, तुमच्या शाळेत पटेल मला. आमच्याकडे आधी वर्गातली मुलं कमी करा, मग गट पाडा.