मदत हवी आहे: व्हॅलेटा (माल्टा) बंदरात उतरून आईसोबत पायी फिरायचंय

ऑक्टोबरात आमचं क्रूझ जहाज एका बुधवारी व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार आहे. आई ७२ वर्षांची. सपाटीवर आरामात चालते, पण पायऱ्या उतरताना गुडघे धरतात. शहर लहान आहे, त्यामुळे जहाजाची बसटूर नकोय.

नकाशावरून ठरवलंय ते असं: बराक्का लिफ्टने ५८ मीटर वर, रिपब्लिक स्ट्रीटने सेंट जॉन्स को-कॅथेड्रल, मग बाराच्या तोफेला अप्पर बराक्का बागेत परत. कॅथेड्रल चुकवायचं नाही. काराव्हाज्जोच्या १६०८ सालच्या चित्रात सांडलेल्या रक्तातच त्याची सही आहे. आई चित्रकला शिकवायची, तिला ती जवळून बघायचीय. रिपब्लिक स्ट्रीट टेकडीच्या माथ्यावरून जातो, पण आडव्या गल्ल्या समुद्राकडे तीव्र उतरतात, कित्येक ठिकाणी नुसत्या पायऱ्याच. त्या टाळणार आहोत.

अडलंय ते तोफेनंतरचं. फेरीबोटीने बंदरापलीकडे समोरच्या बिर्गू या जुन्या गावाला जाऊन यावं असं फार मनात आहे. तिथल्या धक्क्यापासून जुन्या गल्ल्यांत पायऱ्या न चढता शिरता येतं का? आईसारख्या कुणाला घेऊन गेलेलं कुणी आहे का इथे?