ईपीएसचा दिवा, जड स्टिअरिंग आणि टकटक: आधी काय तपासू?

निरगाठ
सकाळी गाडी सुरू केली की ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) दिवा लागतो आणि जागेवर वळवताना स्टिअरिंग जड जातं. थोडं चालवून, बंद करून पुन्हा सुरू केली की दिवा जातो. शिवाय उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवलं की टकटक ऐकू येते. मोटर कॉलमवर (स्टिअरिंगच्या दांड्यावर) आहे. गॅरेजवाले पूर्ण कॉलम बदला म्हणतात. तेवढं बजेट नाही. स्कॅनिंग आणि एखादा सुटा भाग, एवढंच जमेल. सुरुवात कुठून करू?

रॅकपिनियन
कॉलमच बदला, तोही नवा. आतला टॉर्क सेन्सर टॉर्शन बारला (स्टिअरिंग वळवताना पिळणाऱ्या सळीला) पडलेला पीळ मोजतो आणि ईसीयूकडे (ईपीएस चालवणाऱ्या कंट्रोल युनिटकडे) दोन सिग्नल पाठवतो. ते एकमेकांशी जुळले नाहीत की मोटरची मदत बंद. हा सेन्सर सहसा सुटा मिळत नाही.

पाना_बारा
बजेट लिहिलंय की वर. बॅटरी बदला, प्रश्न मिटेल. माझ्याकडे नव्या बॅटरीनंतर दिवा परत लागलेला नाही.

तेलपाणी
पॉवर स्टिअरिंग ऑइलची पातळी बघितली का?

पाना_बारा
ईपीएसमध्ये ऑइल नसतं हो.

तेलपाणी
इलेक्ट्रिक पंपाच्या हायड्रॉलिक प्रकारात असतं. सरसकट नसतं म्हणू नका. आणि रस्त्याचा अंदाज हाताला हायड्रॉलिकमध्येच नीट येतो.

मल्टीमीटर
निरगाठ, मोटर कॉलमवर आहे म्हणजे तुमच्याकडे ऑइल नाही, तो विषय सोडा. दिवा आणि टकटक या दोन वेगळ्या तक्रारी समजा.

आधी दिवा. उभ्या गाडीत चाकं वळवताना ईपीएसची मोटर १२ व्होल्टवर ६० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढू शकते. व्होल्टेज पडलं की ईसीयू मदत कमी करतो किंवा दिवा लावतो. म्हणून या क्रमाने मोजा:

१. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी: १२.६ च्या आसपास हवी. १२.१ म्हणजे साधारण अर्धीच चार्ज.
२. इंजिन चालू असताना: बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५.
३. अर्थिंग: मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला (क्लॅम्पला नाही), दुसरं ईपीएसच्या अर्थ बोल्टला. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग वळवायला सांगा. ०.२ च्या वर गेलं तर अर्थ खराब.

अर्थ ओहममध्ये मोजू नका. ६० अँपिअरला ०.६ व्होल्ट पडतात तेव्हा रोध फक्त ०.०१ ओहम असतो. साध्या मीटरवर तो दिसत नाही आणि सगळं ठीक वाटतं.

स्कॅन साध्या इंजिन-कोडच्या यंत्राने करू नका, त्यात ईपीएस मॉड्यूल बऱ्याचदा उघडतच नाही. कोड पुसण्याआधी लिहून घ्या.

लॉक_टू_लॉक
बॅटरी, +१. स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरायची सवय असेल तर तीही सोडा. मोटर तापली की ईसीयू मदत उतरवतो, गार झाली की परत देतो.

मल्टीमीटर
बरोबर, पण यांचा दिवा रात्रभर गार झालेल्या गाडीत लागतोय. तापण्याचा संबंध नाही.

कोपरा
टकटकीबद्दल. मोटरचा शाफ्ट आणि वर्म (कॉलम फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) यांच्यामध्ये रबराचं किंवा प्लॅस्टिकचं लवचीक कपलिंग असतं. ते झिजलं की दिशा बदलताना मोटर मोकळी हलते आणि टकटक येते. हात कॉलमच्या मोटरवर ठेवून बघा. ठोका तिथेच जाणवला तर कपलिंग. पायाजवळ जाणवला तर मधल्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट. चाकाकडून आला तर टाय रॉड (चाक वळवणारा दांडा), आणि तो मात्र पुढे ढकलू नका.

कपलिंग बऱ्याच गाड्यांसाठी सुटं मिळतं, पण मजुरी मोठी, कारण बहुधा कॉलम उतरवावा लागतो. बॅटरी काढून एअरबॅगसाठी मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. चाकं सरळ ठेवा, शाफ्टवर खूण करा, स्टिअरिंग बांधून ठेवा. मोकळं फिरलं तर क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली वायर) तुटू शकते. शाफ्टवर हातोडी अजिबात नको, सेन्सर बिघडतो.

रॅकपिनियन
एवढं उतरवायचंच तर नवा कॉलम का नाही?

कोपरा
कारण नव्या कॉलमलाही टॉर्क सेन्सर आणि अँगल सेन्सरचं शून्य बसवावं लागतं, आणि अर्थ खराब असेल तर दिवा त्यातही लागेल.

निरगाठ
मोजलं. बॅटरी १२.१, इंजिन चालू असताना १४.२, अर्थ ०.६. कोड एकच, पुरवठा व्होल्टेज कमी असल्याचा. ठोका कॉलमच्या मोटरवरच जाणवतो, टाय रॉड घट्ट आहेत.

पाना_बारा
बघा, बॅटरीच. उद्याच बदला.

कोपरा
अर्थ करताय तर कपलिंगही एकदमच करून घ्या.

निरगाठ
दोन्ही करत नाहीये. अर्थचा बोल्ट काढला, खाली हिरवट गंज आणि रंगाचा थर होता. धातू दिसेपर्यंत घासला, पट्टी नवी लावली, वरून ग्रीस. आता ०.०८. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली, दुसऱ्या सकाळी १२.६. सहा दिवस दिवा नाही. टकटक आहे तशीच. कपलिंग मागवून ठेवलंय, कॉलम उतरवायचं काम पुढच्या सर्व्हिसला.

मल्टीमीटर
आठवड्याने बॅटरी पुन्हा मोजा. १२.४ च्या खाली उतरली तर लोड टेस्ट करून घ्या.