पार्सल वाटपाचा रूट: दुसरी गाडी घ्यावी का सॉफ्टवेअर?

वाडीवाला: नमस्कार मंडळी, नागपूरच्या पश्चिमेला वाडीला कुरियर वाटपाचं छोटं काम आहे, एक छोटा हत्ती (लहान मालगाडी) अन चार बाईकवाले पोरं. सकाळी सगळे गोडाऊनला येतात, पिनकोड पाहून माल वाटून देतो अन निघतात. पेट्रोलचा खर्च वाढूनच राहिला. मॅपवर दोन पत्ते जवळ दिसतात, पोरगा मात्र अर्धा तास अडकतो. दुसरी गाडी घ्यावी का सॉफ्टवेअर?

इतवारीकर: दोन्ही नको भाऊ, आधी रेल्वे लाईन पाहा. मुंबई-हावडा अन दिल्ली-चेन्नई दोन्ही लाईनी आपल्या शहरातूनच जातात, पलीकडे जायला पूल अन अंडरपास मोजकेच, तिथंच सगळी गर्दी. मनीषनगर वर्धा रोडला चिकटलेलं दिसते पण मधे लाईन आहे ना. इतवारी, महाल, गांधीबाग लाईनीच्या पूर्वेकडे, धरमपेठ, रामदासपेठ पश्चिमेकडे, एका पोराने दिवसात लाईन ओलांडायचीच नाही असं ठरवा. अन एक सांगा, पूर्वेकडचे पोरं राहतात कुठं?

वाडीवाला: दोघं नंदनवनचे आहेत.

इतवारीकर: मग त्यांना रोज सकाळी वाडीला काऊन बोलावता बे! सगळं शहर ओलांडून यायचं अन माल घेऊन परत तिकडंच जायचं. छोटा हत्ती भल्या सकाळी पूर्वेकडे पाठवा, पोरांच्या बॅगा तिथंच हातात द्या. इतवारीच्या गल्लीत गाडी घालूच नका, दुकानं उघडली की हातगाडीच काय ती निघते.

बीटवाला: आमच्या घरात पोस्टाची नोकरी होती म्हणून सांगतो. पिनकोड 1972 मध्ये आला तो टपाल कोणत्या पोस्टाकडे जायचं ते सांगायला, पुढचं काम बीटचं, म्हणजे एका पोस्टमनला ठरवून दिलेल्या भागाचं. पोस्टमन निघायच्या आधी टपाल घरांच्या क्रमाने लावून घेतो, रस्त्यात शोधाशोध नाही. बीट कायम ठेवा, रोज पोरगा बदलू नका. कोणत्या फ्लॅटवाले दुपारी नसतात हे त्याच पोराला माहीत असते, ॲपला नाही.

कोडवाला: बीटवाल्यांचं बरोबर आहे, पण टपाल अन पार्सल वेगळं. टपाल जवळपास प्रत्येक गल्लीत जाते, त्यावर क्वान नावाच्या चिनी गणितज्ञाने 1960 मध्ये लिहिलंय, सगळे रस्ते कमीत कमी चालून कसे संपवायचे ते. तुमचे पत्ते विखुरलेले अन रोज बदलणारे. नुसते 20 पत्ते घेतले तरी क्रम लावायचे पर्याय 19 अंकी आकड्यात जातात, म्हणून सॉफ्टवेअर सगळे तपासत बसत नाही, चालण्यासारखा क्रम काढते. गुगलचं ओआर-टूल्स नावाचं असं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला सरळ रेषेतलं अंतर दिलं तर ते पोराला लाईनीवरूनच उडवत नेईल, रस्त्याने लागणारा वेळ द्या. अन हो, अमेरिकेत यूपीएस कुरियर कंपनीवाले डावं वळण टाळतात, कारण तिथं गाड्या उजवीकडून चालतात अन डावीकडे वळायला समोरची गर्दी ओलांडावी लागते, आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात म्हणून उजवं टाळायचं.

वाडीवाला: म्हणजे दुसरी गाडी सध्या कॅन्सल. पण परत आलेलं पार्सल अन कॅश, त्यासाठी तर पोरांना वाडीला यावंच लागेल ना?

इतवारीकर: कशाला? संध्याकाळी गाडीनेच तिकडून गोळा करा. हिशोब मात्र तिथल्या तिथं मोजून सही घ्या, उद्यावर ठेवला की भांडण नक्की.