अनुभव धागा (नोव्हेंबर २०२५): गावात एकट्यानं भारताची फुटबॉल मॅच पाहणारे

बोंडअळी (दिग्रस, यवतमाळ)

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात आपण बांगलादेशकडून १-० नं हरलो. त्यांनी आपल्याला हरवलं ते २२ वर्षांनी. दुसऱ्या दिवशी कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर गेलो. रांग मोठी होती, बोलायला वेळच वेळ. चर्चा चालली होती ईडन गार्डन्सची, रविवारी आपण दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी हरलो त्याची. १२४ पण होत नाहीत म्हणजे काय, पिचच खराब, कोणाला बसवायला पाहिजे होतं, सगळं झालं. आदल्या रात्री भारत आणखी एक मॅच हरला आहे हे त्या पूर्ण रांगेत मला एकट्याला माहीत होतं. सांगून पाहिलं. एक जण म्हणाला, "फुटबॉल? आपण खेळतो का बे?"

म्हणून हा धागा. मेस्सी-रोनाल्डो नको, युरोपातले क्लब नको, फक्त आपला संघ. मॅच कुठं बघता, कोणासोबत, घरचे काय म्हणतात आणि अजूनही का बघता ते लिहा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तरी चालेल. वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, इथं शुद्धलेखन तपासायला कोणी बसलेलं नाही.

जागल (समुद्रपूर तालुका, वर्धा)

मी लिहितो बाप्पा पहिले.

जानेवारी २०२४, कतारमधला आशियाई करंडक. ऑस्ट्रेलियाची मॅच घरी पाह्यली, २-० नं गेलो, ठीक आहे, ऑस्ट्रेलिया आहे. उझबेकिस्तानची मॅच १८ तारखेले रात्री ८ ले होती आणि त्या आठवड्यात आमच्या फीडरची लाइन रात्रीची. हरभरा घाटे धरून राहिला होता. ओलीत करणं भाग होतं.

मोटर चालू केली, स्प्रिंकलर लावले. मोबाईल धुऱ्यावरच्या बोरीच्या फांदीत अडकवला, कारण आमच्या वावरात नेटवर्क जमिनीवर राहत नाही, छातीएवढ्या उंचीवर येते. खोटं वाटत असन तं येऊन पाहा. चौथ्या मिनिटाले पहिला गोल खाल्ला तवा मी कोपऱ्यातल्या नोझलमधला गाळ काढत होतो. ओल्या हातानं पळत आलो तं रिप्ले चालू. अठराव्या मिनिटाले दुसरा. हाफटाइमची शिटी वाजाच्या ऐन टायमाले तिसरा.

हाफटाइमले पाइप सरकवायचे हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. क्लिप काढायची, पाइपातलं पाणी सांडू द्यायचं, खांद्यावर घ्यायचा आन् वल्ल्या हरभऱ्यातून चालायचं. ज्यायनं हे केलं नाही त्यायले सांगतो, हरभऱ्याची आंब पोटऱ्याले लागली की चुरचुरते, त्यात जानेवारीची थंडी. वरून तीन-शून्य.

तेवढ्यात शेजारचे काका बॅटरी मारत आले. डुकरं हाकलाले जागलीवर होते.

"काय पाहून राहिला?"
"मॅच."
"किती झाले?"
"तीन-शून्य."
"आपले तीन?"

मी बोललोच नाही. ते म्हणे, "मंग बंद कर न बे, चार्जिंग जाते." पण गेले नाहीत. बिडी पेटवली आन् बोरीखाली उभे राहून पूर्ण सेकंड हाफ पाह्यला. त्यात आपण गोल खाल्ला नाही. जाताना म्हणे, "पोट्ट्यायनं मागून सुधरवलं." पुढं सीरियानं १-० नं हरवलं. तीन मॅचमध्ये सहा गोल खाल्ले, मारला एकही नाही. पण काकाचं मत पक्कं आहे, आपण मागून सुधरवतो. आता भेटले की विचारतात, "तुही मॅच कवा हाय?" भारताची नाही, माही.

कामठीकर

खेड्यात, खेड्यात काय लावलं? फुटबॉल कोणी पाहत नाही हे वाक्य कामठीत येऊन बोला, लोक चहा पाजून समजावतील. छावणीचं गाव आहे आमचं, आजे-पणजे खेळत आले. आमच्या मोहल्ल्यात भारताची मॅच असली की चाळीसेक माणूस एका टीव्हीसमोर असतो आणि प्रत्येक जण कोच असतो. तुमचं दुःख हे की सोबत कोणी नाही. आमचं हे की सोबत सगळे आहेत आणि हरल्यावर मध्यरात्रीपर्यंत कोणी उठू देत नाही.

आणि एक गोष्ट लिहून ठेवा, गोल का होत नाहीत तर क्लबवाले नऊ नंबरला परदेशी खेळाडू उभा करतात. आपल्या पोराला क्लबमध्ये स्ट्रायकर म्हणून खेळायला मिळत नाही, मग निळी जर्सी घातल्यावर तो एकदम गोल कुठून मारेल? सुनील छेत्रीनं ९४ गोल मारून जून २०२४ मध्ये निरोप घेतला आणि नऊ महिन्यांत त्याला परत बोलवावं लागलं. चाळिशीच्या माणसाला.

मास्तर (गडचिरोली)

२०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळांमधून फुटबॉल खेळायचा 'मिशन वन मिलियन' कार्यक्रम झाला होता. तेव्हा मी जंगलपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. चेंडू केंद्रशाळेतून मोटरसायकलवर आणले. हवा भरायची सुई गावात नव्हती, ती तालुक्याहून येईपर्यंत पोरं बसक्या चेंडूनंच खेळली. पहिला चेंडू बाभळीच्या काट्यानं गेला. दुसरा शाळेमागच्या बोडीत पडला आणि तो काढायला अर्धा वर्ग पाण्यात. कपडे वाळेपर्यंत शिकवणं बंद.

९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध मॅच होती. ज्यांच्याकडे डिश होती त्यांच्या पडवीत पोरांना घेऊन बसलो. आपण एका गोलनं मागे. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जिक्सननं डोकं लावलं आणि गोल! फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल. पोरं उठून अंगणात नाचायला गेली, मागून म्हातारी माणसं, कुत्रीसुद्धा. मी आतच होतो. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा मारला. पोरं धापा टाकत परत आली तर पडद्यावर २-१. त्यांचं ठाम मत होतं की मास्तरनं चॅनल बदलला आणि ही दुसरीच मॅच आहे. एकाला तर अजून तसंच वाटतं.

त्यातला एक आता ट्रॅक्टर चालवतो. मॅचच्या दिवशी न चुकता त्याचा मेसेज येतो, "सर आज आहे." निकालानंतर मात्र तोही गप्प आणि मीही.

पानठेला (आर्वी)

आमच्या ठेल्यावर आठवड्यातून एकदा तरी कोणी सांगतेच की १९५० मध्ये आपण अनवाणी खेळायचो म्हणून फिफानं वर्ल्ड कपमधून काढलं. अरे बाबांनो, काढलं नाही, आपणच गेलो नाही. ब्राझील लांब, खर्च, सरावाला वेळ नाही, अशी कारणं दिली आणि महासंघाला तेव्हा ऑलिम्पिक मोठं वाटायचं. अनवाणी खेळलो ते १९४८ ला लंडनमध्ये, फ्रान्सविरुद्ध. १-२ नं हरलो, त्यातही दोन पेनल्टी वाया घालवल्या. म्हणजे आताची पोरं परंपरा मोडत नाहीत एवढं तरी माना.

आमचे आबा १९६२ चं सांगायचे. जकार्ता, आशियाई स्पर्धा. तिथलं पब्लिक आपल्यावर चिडलेलं. जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके, खरा तो बचावपटू, पण कोच रहीम साहेबांनी त्याला पुढं खेळवलं आणि फायनलमध्ये त्यानं गोल मारला. पी. के. बॅनर्जींचा एक, जर्नेलचा एक, दक्षिण कोरिया २-१ नं गारद, सुवर्णपदक. रहीम साहेबांना तेव्हा कॅन्सर होता, पुढच्या वर्षी गेले. लहानपणी मला वाटायचं आबा ठोकून देतात. दक्षिण कोरियाला आणि आपण? मोठेपणी वाचलं तं सगळं खरं निघालं. बाकी त्यांच्या गोष्टी, बिबट्याला काठीनं पळवल्याची वगैरे, त्यांची खात्री देत नाही.

संत्रावाली (वरूड)

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. "आपला संघ, आपला संघ" करता आणि एकानेही आपल्या मुलींचा उल्लेख केला नाही. हरणाऱ्या संघाचं एवढं प्रेम आहे, तर जिंकणाऱ्यानं काय घोडं मारलंय?

५ जुलै २०२५. दुसऱ्या दिवशी आषाढी. घरात साबुदाणा भिजत घातलेला, सासूबाईंची उपवासाची तयारी, आणि मी भाकऱ्या थापता थापता कानात एक इअरफोन घालून चियांग माईची मॅच लावलेली. समोर थायलंड, त्यांच्याच घरात, दोन विश्वचषक खेळलेला संघ. जिंकलं तरच आशियाई करंडकात. संगीता बासफोरनं पहिल्या हाफमध्ये लांबून मारला. ब्रेकनंतर लगेच त्यांनी बरोबरी केली. तव्यावरची भाकरी करपली, सासूबाई बोलल्या, मी "हो" म्हटलं. मग ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीता, डोक्यानं. शेवटची मिनिटं मी पिठाच्या हातानं मोबाईल धरून उभी होते. सासूबाईंना वाटलं माहेरहून काही बातमी आली. "काय झालं वं?" म्हटलं, "जिंकलो." "कोण?" "आपल्या पोरी." त्यांनी कोणत्या पोरी हे विचारलंच नाही, हातावर साखर ठेवली.

२०२२ चं विसरले नाही मी. आशियाई करंडक आपल्याच देशात, नवी मुंबईत. संघात कोरोना शिरला, चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) मैदानात उतरायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर. न खेळता! मी शाळेत असताना फुटबॉल खेळायचे. दहावीनंतर बंद झालं, ते का झालं हे इथल्या बायकांना सांगायची गरज नाही. त्यामुळे तुम्ही "अजून का बघता" विचारता ना, तो प्रश्न मला पडतच नाही. मला आता कुठं नीट बघायला मिळतंय.

धानपट्टा (साकोली, भंडारा)

मी सोडलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला सोडलं. गोव्यात, फातोर्ड्याला, सिंगापूरविरुद्ध. आपल्या छांगटेनं सुरुवातीलाच गोल मारला तेव्हा घरात ओरडलो. मग त्यांनी दोन मारले आणि आपण २०२७ च्या आशियाई करंडकातून बाहेर. वर जुलैपासून आयएसएल, म्हणजे आपली क्लबांची लीग, कराराच्या भांडणात अडकलेली होती. लीगच होईल की नाही माहीत नव्हतं, तर खेळाडू खेळणार कुठं? मी आता विदर्भाची रणजी पाहतो. आपल्यालाही लोक हसायचे, २०१८ च्या सुरुवातीला इंदूरला दिल्लीला हरवून करंडक आणला, त्यानंतर अजून दोन. कष्टाचं फळ दिसतं तिथं माणसानं जीव लावावा.

बोंडअळी

@धानपट्टा, मग ढाक्याची मॅच पाहिली नसेल.

धानपट्टा

पाहिली. पण मोबाईल भाच्याचा होता.

पुसदवाला

उशिरा लिहितोय, सोयाबीनच्या पैशामागं फिरत होतो.

२०१८ ला मी मुंबईत एका सोसायटीत सिक्युरिटीला होतो, अंधेरीला. जूनमध्ये छेत्रीनं व्हिडिओ टाकला, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या, अशा अर्थाचा. आदल्या दिवशी चायनीज तैपेईला ५-० नं हरवलं होतं आणि स्टेडियम रिकामं. मला तो व्हिडिओ फार लागला, कारण मी तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होतो आणि कधी गेलो नव्हतो. ४ तारखेला ड्युटी बदलून गेलो. केनिया. छेत्रीची शंभरावी मॅच. पाऊस असा की समोरचा गोलपोस्ट दिसेना, आणि तरी स्टेडियम खच्चून भरलेलं. ३-० जिंकलो. शेजारी एक अनोळखी माणूस, त्यानं त्याच्या रेनकोटची एक बाजू माझ्या डोक्यावर धरलेली. तो केरळचा, मी पुसदचा, बोलणं काही समजत नव्हतं, पण ऑफसाइड दोघांना समजत होतं.

गावी परत आलो तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मुंबईत काय पाहिलं? समुद्र नाही सांगितला, हेच सांगितलं. ऐकणाऱ्याचं तोंड उतरायचं. आता सांगत नाही.

जागल

@संत्रावाली ताई, बरोबर बोलल्या. मुलींचा आशियाई करंडक मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे न? आपल्या गटात जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई. तिकडचा टाइम आपल्या पुढं, म्हणजे मॅच दिवसा पडन, वावरात गहू कापणीले आला असन. हार्वेस्टरवाल्याले आधीच सांगून ठेवतो, त्या दिवशी आमच्या वावरात येऊ नको म्हणून. काकालेबी सांगतो. ते विचारतीनच, जपानसंगं कसं होईन म्हणून.

संत्रावाली (वरूड)

सांगा त्यांना, मागून सुधरवतील. आणि बोंडअळी, कोणत्या ॲपवर दिसणार ते कळलं की इथंच टाका, मला रिचार्ज आधी करावा लागतो.