अनुभव धागा: फाईल कुणाच्या हातात? (भारत आणि ब्रिटन)

मागच्या महिन्यात आई पुण्याहून आली. बॅग उघडली तर भाजणी, मेतकूट आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत तिची फाईल. १९९८ पासूनचे रक्ताचे रिपोर्ट, दोन ईसीजी, गुडघ्याचे एक्स-रे. "लागलं तर असू दे." मला इंग्लंडमध्ये नऊ वर्षं झाली, पण माझ्या तब्येतीचा एक कागद माझ्या घरात नाही. सगळं जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, कॉम्प्युटरमध्ये. तिकडे आजारपण घराचं असतं, इकडे ज्याचं त्याचं, असं मला वाटायला लागलंय.

तुमचं काय? दोन्हीकडचं लिहा, पण स्वतःचं. 'तिकडे सगळं फुकट' आणि 'तिकडे मरेपर्यंत नंबर लागत नाही' ही दोन वाक्यं ऐकून झाली आहेत.

सुरुवात मी करते. पहिल्या हिवाळ्यात सुपरमार्केटमधून पॅरासिटामॉलची चार पाकिटं उचलली. काउंटरवरच्या मुलीने दोन काढून बाजूला ठेवली. दुकानात एका पाकिटात १६ गोळ्या हा १९९८ चा नियम आहे आणि दोनपेक्षा जास्त पाकिटं सहसा देत नाहीत. कारण जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर यकृत जातं, आणि घरात साठा कमी असला की तसं करणारेही कमी होतात. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. पुण्यात केमिस्टकडून पट्टीच्या पट्ट्या आणायचे, वर 'ती मागच्या वेळची अँटिबायोटिक पण द्या हो'.

लेस्टरकरीण

पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला, दुसरं इथे. तिकडे दर महिन्याला डॉक्टरबाई आणि जवळजवळ दर वेळी सोनोग्राफी. इथे सगळं मिडवाइफकडे आणि स्कॅन दोनच, साधारण १२ आणि २० आठवड्यांचे. दुसऱ्या स्कॅनला बाईने सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, सांगू का?" माझ्या पोटात गोळाच आला. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर 'गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी, १९९४ चा कायदा, आणि इथे ही बया मॉनिटर वळवून विचारतेय! मी "नको नको" म्हटलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, इथे चालतं." चालत असेल.

बाळंत झाल्यावर तासाभरात लोणी लावलेला टोस्ट, चहा आणि "शॉवर घेणार का?" डॉक्टर मी पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी घरी. आई व्हिडिओवर: "गार पाणी पीत नाहीस ना गं?" अळीव-डिंकाचे लाडू सासूबाईंनी आधीच करून आणले होते. त्यांनी निखारे नाहीत म्हणून गॅसवर तव्यात ओवा-बाळंतशेपा तापवून धुरी द्यायचा घाट घातला आणि स्मोक अलार्म जो बोंबलायला लागला! नेमकी तेव्हाच मिडवाइफ बाळाचं वजन करायला दारात. तिने शांतपणे खिडक्या उघडल्या आणि पुढे तासभर माझं ऐकून घेतलं. झोप, रडू, सगळं. साताऱ्यात माझ्याभोवती आठ माणसं होती, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि धागाकर्त्या ताई, बाळाची फाईल इथेही हातातच देतात हो, लाल पुस्तक. आम्ही दोघं भारतात जन्मलेले म्हणून बाळाला बीसीजी (क्षयाची लस) मिळाली, शेजारच्या गोऱ्या बाळाला नाही.

पाचफूटसात

चाळिशी झाली म्हणून एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, तपासणीचं पत्र आलं. उंची पाच फूट सात इंच, वजन ७० किलो. मी निवांत. नर्स म्हणाली, गोऱ्या माणसाला २५ बीएमआयपर्यंत (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ठीक, पण दक्षिण आशियाई माणसाचा धोका २३ लाच वाढायला लागतो, मधुमेहामुळे. मी २४ च्या वर. जेवण विचारलं: पोळी, भात, वरण, बटाट्याची भाजी. "यातलं प्रथिन कुठलं?" वरण, म्हटलं. वरणाची वाटी केवढी, ते हाताने दाखवताना मलाच लाज वाटली. आईचा फोन: "फार वाळलास रे."

काकांचा पुतण्या

बाबा २०११ साली सांगलीत गेले. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून कॅन्सर सांगितला आणि पुढचं वाक्य आमच्या सगळ्यांचं एकच: "त्यांना सांगू नका." शेवटपर्यंत 'आतड्याला सूज'. एकदा संध्याकाळी त्यांनी मला पासबुकं आणि लॉकरची किल्ली कुठे असते ते दाखवलं. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत.

काका चाळीस वर्षं इंग्लंडात. इथे पन्नाशीनंतर आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट पोस्टाने घरी येतं. काकूने ते 'शी' म्हणून संडासातल्या फळीवर टाकलेलं. चार महिन्यांनी काकांनी शौचाचा नमुना पाठवला, आणि पुढच्या तपासणीत कॅन्सर निघाला. कन्सल्टंटने त्यांना एकट्याला, समोर बसवून, सरळ सांगितलं. मी फोन केला तर म्हणे, पेशंटच्या परवानगीशिवाय बोलणार नाही. संतापलो मी. काकांनी काकूला पार्किंगमध्ये, गाडीत सांगितलं. तिचा राग अजून गेलेला नाही: "त्याला एकट्याला का सांगितलं?"

काका बरे आहेत. ऑपरेशनआधी मृत्युपत्र केलं, दोन भांडणं मिटवली, एक नवं उकरून काढलं. बाबांना ती संधी आम्ही दिली नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, सात वर्षं तिकडे, पाच इथे. 'घराचं' आजारपण मला फार गोड वाटत नाही. तिकडे स्पंजिंग, भांडं देणं, खालून औषधं आणणं, सगळं नातेवाईक करायचे. रात्री कॉटखाली चटई टाकून सून झोपायची. ज्याला कुणी नाही त्याचं काय व्हायचं, ते मी पाहिलंय. इथे ते सगळं आम्ही करतो. पण गेल्या आठवड्यात एक गुजराती आजी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी आली, डब्यातली खिचडी भरवली, तर वाटी संपली.

पुन्हा नाशिक

गुडघा. तिकडे इंग्लंडात जीपी, फिजिओ, मग रांग. १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं उद्दिष्ट कागदावर. नाशिकला सकाळी हाडांचे डॉक्टर, संध्याकाळी एमआरआय, दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख. मेडिक्लेम आहे का, हे गुडघ्याआधी विचारलं. तिसऱ्या डॉक्टरांनी व्यायाम दिला, त्यानेच बरा झाला. तिकडच्या फिजिओने दिलेलाच व्यायाम होता तो.

धागाकर्ती

आई-वडिलांना बोलावणाऱ्यांनी प्रवास विमा काढाच. पाहुण्यांना इमर्जन्सी विभागात पैसे पडत नाहीत, पण ॲडमिट केलं की दीडपट दराने बिल लागतं. आणि फुकट म्हणणाऱ्यांनो, आमच्या व्हिसाच्या वेळी मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्यसेवेसाठी आधीच कापून घेतात.

आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. पासबुकाच्या ठिकाणी तिने थांबवलं. मग माझ्या ॲपवरचे रिपोर्ट मला प्रिंट करायला लावले. पिशवी तिच्याकडे जास्तीची होतीच.