अनुभव धागा: कामाच्या व्हिसाचे कडक झालेले नियम आणि बडोद्यातली आपली घरे

दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर या भागांतल्या कितीतरी मराठी घरांतले कुणी ना कुणी आज परदेशात नोकरीला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत अमेरिका, इंग्लंड, कॅनडा आणि सिंगापूर या चारही देशांनी नियम आवळले आहेत. नव्याने जाऊ पाहणाऱ्यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु सगळे नियम पाळून आधीच तिथे स्थिरावलेल्यांना आणि इथे राहिलेल्या त्यांच्या माणसांना याची झळ कशी बसली, हे फारसे लिहिले जात नाही. म्हणून आपापले अनुभव लिहिण्याची ही विनंती. देश, व्हिसाचा प्रकार आणि बदलाचे वर्ष नमूद करावे, आणि स्वतःच्या घरात घडले तेवढेच लिहावे.

निवृत्त अभियंता, मांजलपूर

माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेच्या कुशल नोकरदारांच्या व्हिसावर आहेत. धाकट्या मुलाच्या लग्नासाठी मुलगी डिसेंबर 2025 मध्ये नातवाला घेऊन आली. तिथे राहून काम करण्याची तिची मंजुरी 2027 पर्यंतची आहे. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला होता, आणि शिक्का नसेल तर मंजुरी हातात असूनही परत जाता येत नाही. पूर्वी अशा नूतनीकरणासाठी अनेकांना मुलाखतीशिवाय नुसती कागदपत्रे जमा करून चालत असे. 2 सप्टेंबर 2025 पासून ती सवलत बहुतेकांसाठी बंद झाली. पुढे 15 डिसेंबरपासून एच-वन-बी आणि एच-फोर (त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासण्याचा नियम आला, आणि तिला मिळालेली मुलाखतीची तारीख एका ईमेलने मार्चच्या अखेरीस गेली.

लग्नाचे पाहुणे पांगले, मुलगी मात्र अडकून पडली. नातू जन्माने अमेरिकन नागरिक असल्याने त्याला जायला आडकाठी नाही, पण सहा वर्षांच्या मुलाला आईविना पाठवायचे कसे? त्याची शाळा बुडते आहे. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. त्या वेळी ती देवघराशेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडते आणि पहाटे तीन-साडेतीनला मिटते. कराचे आणि ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षिततेचे प्रश्न असल्यामुळे कंपनीने भारतातून काम करण्याची परवानगी काही आठवड्यांपुरतीच दिली आहे. त्यानंतर बिनपगारी रजा, आणि तीही मिळाली तर. आपल्या देशात कोण येतो हे तपासण्याचा अधिकार त्या सरकारला आहे, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु ज्यांना तारखा आधीच दिल्या होत्या त्यांच्या मुलाखती उरकून नवी तपासणी पुढच्या अर्जांना लावता आली असती, असे मला मनापासून वाटते.

डॅलसहून, मूळचा रावपुऱ्याचा

वडील गेल्यानंतरची पहिली सर्वपित्री अमावास्या घरी करावी म्हणून मी सप्टेंबर 2025 मध्ये बडोद्याला आलो होतो. अमावास्या 21 तारखेला, रविवारी होती. शुक्रवारी, 19 तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बीच्या अर्जावर 1 लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला आणि तो 21 तारखेपासूनच अमलात येणार होता. तो कुणाला लागू आहे, हे आदेशावरून नीट कळत नव्हते. शनिवारी सकाळी कंपनीचा निरोप आला की मिळेल त्या विमानाने परत या. आईने अळूची पाने आणि तांबडा भोपळा आणून ठेवला होता. ते सगळे तसेच टाकून मी अहमदाबादचा विमानतळ गाठला. दोह्याला विमान बदलताना खुलासा वाचला की ही रक्कम फक्त नव्या अर्जांसाठी आहे आणि ज्यांच्याकडे वैध व्हिसा आहे त्यांना ती लागू नाही. श्राद्ध काकांनी केले.

याहून मोठी काळजी ग्रीन कार्डची आहे. नोकरीच्या आधारे दरवर्षी सुमारे 1,40,000 ग्रीन कार्डे मिळतात आणि कोणत्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, 2015 ची आहे. माझ्या वर्गातली भारतीयांची रांग 2025 च्या अखेरीस 2013 मध्येच होती. मुलगी एकवीस वर्षांची झाली की तिचा माझ्यावर अवलंबून असलेला व्हिसा संपेल, आणि जिथे ती बालवाडीपासून शिकली तिथेच तिला परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने अर्ज करावा लागेल. मधल्या काळात माझी नोकरी गेली, तर दुसरी शोधायला फार तर साठ दिवस मिळतील.

सिंगापूरहून

थोडक्यात लिहितो. इथे सप्टेंबर 2023 पासून नव्या एम्प्लॉयमेंट पाससाठी (परदेशी व्यावसायिकांचा कामाचा परवाना), आणि सप्टेंबर 2024 पासून नूतनीकरणासाठीही, 40 गुण लागतात. कंपनीच्या व्यावसायिक, व्यवस्थापकीय आणि तांत्रिक पदांवर तुमच्या देशाचे लोक एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक असतील, तर देशांच्या विविधतेच्या निकषात शून्य गुण मिळतात. माझ्या कंपनीत अशा पदांवर भारतीय पुष्कळ आहेत, त्यामुळे माझे काम कसेही असले तरी ते गुण मला मिळत नाहीत.

लेस्टरहून

आम्ही 2021 मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आलो आणि 2026 मध्ये कायम वास्तव्याचा अर्ज करणार होतो. मे 2025 च्या ब्रिटिश सरकारच्या श्वेतपत्रिकेत पाचऐवजी दहा वर्षांची अट सुचवली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये ती आधीपासून राहणाऱ्यांनाही लावण्याचा प्रस्ताव पुढे आला. आमच्या घरात याचा पहिला फटका मुलीला बसेल. ती पुढच्या वर्षी विद्यापीठात जाईल. कायम वास्तव्य असलेल्या विद्यार्थ्यांना इंग्लंडमध्ये 2025-26 या वर्षी फार तर 9,535 पौंड फी होती, आणि ते नसेल तर परदेशी विद्यार्थ्याची फी, जी सहज दुपटीच्या पुढे जाते. पगाराची किमान मर्यादा याच सरकारी व्यवस्थेने 26,200 पौंडांवरून एप्रिल 2024 मध्ये 38,700 आणि जुलै 2025 मध्ये 41,700 वर नेली, पण एप्रिल 2024 पूर्वी आलेल्यांसाठी ती कमी ठेवली. तिथे पाळलेला न्याय इथेही पाळला जावा, एवढीच आमची मागणी आहे.

इंग्रजी परीक्षांचे वर्ग चालवणारी शिक्षिका, गोत्री

एक बाजू मांडायला हवी. इंग्लंडमधल्या वृद्धसेवेच्या नोकऱ्यांसाठी प्रायोजकपत्रे (व्हिसासाठी लागणारे मालकाचे पत्र) लाखो रुपयांना विकणारे एजंट मी जवळून पाहिले आहेत. तिथे पोहोचल्यावर काम नाही आणि पगारही नाही, अशी मुले माझ्याच वर्गातली होती. वृद्धसेवेचा तो व्हिसा जुलै 2025 पासून परदेशातून होणाऱ्या नव्या भरतीला बंद झाला, त्यामागे अशी फसवणूकही होती, आणि काही कडकपणा आवश्यक होता असे माझे मत आहे. पण परदेशी कामगार आणण्याचा मालकाचा परवाना रद्द झाला की नवी नोकरी शोधण्याची किंवा देश सोडण्याची साठ दिवसांची मुदत फसवल्या गेलेल्या मुलांच्या हातात पडते, हे मला मान्य नाही. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकार सर्वांसाठी खुली ठेवते. पैसे देण्यापूर्वी ती पाहावी.

टोरांटोहून, माहेर दांडिया बाजार

मी कॅनडाची पीआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी असलेली आहे. पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत 730 दिवस तिथे राहावे लागते, म्हणून आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरही मला तिच्याजवळ हवे तितके थांबता आले नाही. तिलाच तिकडे न्यावे म्हटले, तर 2025 मध्ये आई-वडिलांना प्रायोजित करण्याची निमंत्रणे फक्त 2020 मध्ये इच्छा नोंदवलेल्यांनाच गेली, आणि तेव्हा मी तिथे नव्हते. आता सुपर व्हिसाचा मार्ग उरला आहे. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, रक्तदाब असलेल्या व्यक्तीसाठी असा विमा कुणी काढला असेल, तर आधीच्या आजारांबाबत कोणत्या अटी घातल्या गेल्या, हे कृपया लिहावे.