मदत हवी आहे: नवा फिल्टर टाकूनही छोटा ट्रॅक्टर डिझेलवर बंद पडतोय

अर्धा_नांगर
फिल्टर बदलला की १०-१२ तास बरा चालतो, मग पुन्हा तेच. रोटाव्हेटर खाली टेकला की दम सोडतो आणि बंद. एअर (डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा) काढली की चालू, २० मिनिटांनी परत बंद. डिझेल स्वच्छच आहे, फडक्यानं गाळून टाकतो. काम अर्ध्यावर पडलंय. फिल्टर कुठला टाकू, तेवढं लवकर सांगा.

एक_पाना
फिल्टरचं नंतर. आधी हे सांगा: फिल्टर एक की दोन? पाणी बसायची वाटी आहे का? डिझेल थेट टाकीत भरता की साठवून? जुना फिल्टर कापून पाहिला का, आत काय निघालं?

धूरमुक्त
काळा धूर असेल तर ऑइलवाला एअर क्लीनर उघडा. वाटीतलं ऑइल खुणेपर्यंतच हवं, गाळ अर्ध्या इंचावर गेला की बदला. जाळी डिझेलनं धुऊन पूर्ण निथळून मगच बसवा.

एक_पाना
त्यांनी धुराचं काही विचारलेलं नाही दादा.

ढवळ्या_पवळ्या
२० लिटरला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल टाका. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), पंप सगळं मोकळं राहतं.

काळी_माती
ऑइलनं वंगण वाढलं तरी पाणी आणि गाळ जागेवरून हलणार नाही. इथे तक्रार डिझेल पोचत नसल्याची आहे. त्यात ऑइल टाकून काय होणार?

अर्धा_नांगर
फिल्टर दोन आहेत, वाटी आहे. जुना फिल्टर फेकला. २०० लिटरच्या ड्रममध्ये साठवतो, झाकण घट्ट असतं. हातपंपानं कॅनमध्ये आणि कॅनमधून टाकीत.

काळी_माती
ड्रम उभा की आडवा? छपराखाली की उघड्यावर? पंपाची नळी तळाला टेकते का? कॅन कशाचा?

अर्धा_नांगर
उभा, उघड्यावर. नळी तळापर्यंत जाते, नाहीतर शेवटचं डिझेल कसं निघणार? कॅन जस्ताच्या पत्र्याचा, मजबूत आहे.

काळी_माती
मग सगळं कळलं. उभ्या ड्रमच्या वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. झाकण हातानं कितीही आवळा. शिवाय ड्रम अर्धा रिकामा असला की आतल्या पत्र्याला दव धरतं ते वेगळंच. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं, आणि तुमची नळी नेमकी तिथूनच उचलते. फडक्यातून पाणी सहज उतरतं, वर धागे सुटून टाकीतल्या जाळीत जातात. इंजिनच्या डिझेल पंपातली फट २-३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाचा केस ७० च्या आसपास. फडकं तिथे काय अडवणार?

जस्ताचा कॅन आजच बाजूला करा. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताचा साबणासारखा चिकट पदार्थ होतो, तो फिल्टर बुजवतो. डिझेलसाठीचा प्लास्टिकचा कॅन किंवा साधा लोखंडी घ्या.

एक_पाना
सहमत, पण २० मिनिटांचं गणित सुटत नाही. ट्रॅक्टरच्या टाकीच्या झाकणाचं वायुछिद्र बुजलं तरी टाकीत ओढ बसून असंच होतं. झाकण सैल ठेवून चालवून बघा.

अर्धा_नांगर
सैल ठेवून बघितलं, फरक नाही.

एक_पाना
मग टाकीकडून येणारा पाइप पहिल्या फिल्टरजवळ सोडा आणि धार डब्यात १ मिनिट पडू द्या. टाकी वर आहे, धार शेवटपर्यंत भरून पडली पाहिजे. टाकीच्या खालच्या बुचातून काचेच्या बाटलीत १ लिटर काढून रात्रभर न हलवता ठेवा.

अर्धा_नांगर
धार १५ सेकंदांत बारीक झाली, मग थेंब थेंब. बाटलीत तळाला दोन बोटं पाणी, वर डिझेल. मधे काळपट पापुद्रा, बाटली तिरकी केली की सायीसारखा घडी पडून सरकतो.

काळी_माती
तो जिवाणू-बुरशीचा थर आहे. ते पाण्यात राहतात आणि डिझेलवर जगतात, म्हणून दोन्हींच्या मधोमध. हे तुकडे ओढीबरोबर टाकीतल्या जाळीवर चिकटतात, इंजिन बंद झालं की सुटून खाली पडतात. म्हणून पुन्हा चालू होतो. एअर काढल्यामुळे नव्हे.

करायचं असं. टाकी पूर्ण रिकामी करा, जाळी काढा, टाकी स्वच्छ डिझेलनं धुवा, पाण्यानं नको. आत बघायला बॅटरीचा दिवा, काडी-मेणबत्ती अजिबात नको. पाइप फिल्टरकडून सोडून टाकीकडे हवा मारा, झाकण उघडं ठेवून. वाटी धुवा, दोन्ही फिल्टर नवे. ड्रमचं तळाचं डिझेल वेगळं काढा, ते ट्रॅक्टरला परत नको. जंतुनाशक औषध पाणी काढल्यावरच, लेबलवरच्या मापानं आणि हातमोजे घालून. मेलेला थर पुढचे काही तास फिल्टरवर येणारच, जादा फिल्टर जवळ ठेवा.

ढवळ्या_पवळ्या
नवा फिल्टर आधी डिझेलनं भरून लावा, एअर कमी धरते.

एक_पाना
मधल्या भोकातून कधीच नाही! तिथून गेलेलं न गाळता थेट पंपात जातं. आट्यांचा फिल्टर असेल तर बाहेरच्या छोट्या भोकांतून भरा, नाहीतर रिकामाच लावून ट्रॅक्टरवरच्या हातपंपानं भरा. एअर क्रमानं काढा: पहिला फिल्टर, दुसरा, पंप, शेवटी नोझलचे नट. बुडबुडे थांबेपर्यंत. नट सैल असताना तोंड, हात लांब. त्या दाबाची धार कातडीत शिरते.

अर्धा_नांगर
आणि ड्रम?

काळी_माती
छपराखाली घ्या, एका बाजूला वीट लावून तिरका ठेवा. नळी उंच बाजूला, तळापासून ४ इंच वर कापा. भरल्यावर २४ तास हलवू नका. ट्रॅक्टरची टाकी काम संपल्यावर संध्याकाळी भरा, रात्री दव धरायला जागा उरत नाही. सकाळी चालू करायच्या आधी वाटीचं बूच सैल करून पाणी येतंय का बघत जा.

अर्धा_नांगर
टाकी उतरवली. जाळी अर्धी बुजली होती, बोटानं ओढलं तर पातळ चामड्यासारखं निघालं. पाइपच्या जोडाचे तांब्याचे वॉशर जुनेच चालतील का, नवे हाताशी नाहीत.

एक_पाना
चरे नसतील तर लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा, मऊ पडतात. काळा थर पुसून लावा. हे टाकीपासून लांब करा, हात डिझेलचे नकोत.